अरुंद वाटेने आलेला आवाज

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे बहिऱ्या कानातले श्रवणतंतू विजेने चेतवणारे यंत्र. त्याची वंशावळ बहुधा व्होल्टापासून सांगतात. १८०० च्या सुमारास त्याने स्वतःच्याच कानांत धातूच्या कांड्या घालून त्या आपल्या नव्या विद्युतघटाला जोडल्या. डोक्याला जबर हिसका बसला आणि दाट काहीतरी रटरट शिजत असल्यासारखा आवाज आला. १९५७ मध्ये पॅरिसला जुर्नो आणि एरिएस यांनी एका ठार बहिऱ्या माणसाच्या श्रवणतंतूपाशी तार बसवली. त्याला आवाजाची लय कळू लागली, थोडे शब्दही ओळखता आले. बोलणे मात्र उलगडेना. लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाउस यांच्या एकाच तारेच्या यंत्राने ओठ वाचायला चांगली मदत झाली, पण नुसत्या कानाने संभाषण समजणे कठीणच राहिले.

माझ्या मते या यंत्राचा खरा पूर्वज वेगळ्याच घरात जन्मला. अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये १९३० च्या दशकात होमर डडली यांच्यापुढे प्रश्न होता, अरुंद तारेतून बोलणे पाठवायचे कसे? त्यांनी हेरले की ध्वनिलहरी भराभर कंप पावत असल्या, तरी त्यांना आकार देणारे जीभ-ओठ सावकाश हलतात. मग अख्खी लहर पाठवायची गरजच काय? आवाजाचे उंच-नीच स्वरांनुसार पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यातला जोर कसा कमी-जास्त होतो तेवढेच कळवायचे आणि पलीकडे त्यावरून बोलणे पुन्हा उभे करायचे. हाच व्होकोडर.

बहिऱ्या कानाची अडचणही नेमकी अरुंद वाटेचीच होती. निरोगी कानात आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशी साडेतीन हजारांच्या घरात आणि श्रवणतंतू तीस हजारांच्या आसपास. त्यांच्या जागी मूठभर इलेक्ट्रोड! ग्रॅहम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मेलबर्नला अनेक इलेक्ट्रोडांचे इम्प्लांट बसवले. शंखासारख्या वळणाच्या आतल्या कानात तळाशी उंच स्वर आणि टोकाकडे खर्ज अशी निसर्गाचीच मांडणी आहे. तिचा फायदा घेता आला. पण आतला कान खारट द्रवाने भरलेला, त्यात वीज पसरते. दोन इलेक्ट्रोड एकदम चालवले की त्यांचे प्रवाह एकमेकांत मिसळतात. ब्लेक विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये तोड दाखवली. पट्टे डडलींसारखेच, पण स्पंद पाळीपाळीने द्यायचे, एका वेळी एकाच इलेक्ट्रोडला. तेव्हापासून कित्येकांना ओठांकडे न बघता बोलणे समजू लागले. हा टप्पा मला या कथेत सर्वांत मोठा वाटतो.

मर्यादाही तिथेच उघड झाली. १९९५ मध्ये रॉबर्ट शॅनन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की शांत खोलीत बोलणे समजायला चार पट्टेही जवळजवळ पुरतात. गोंगाटात ते पुरत नाहीत, आणि इलेक्ट्रोड बावीस असले तरी बहुतेकांना फायदा सात-आठ पट्ट्यांपर्यंतच मिळतो. पसरणारी वीज बाकीच्यांचा वेगळेपणा पुसून टाकते. संगीताचे हाल त्याहून जास्त. तबल्याचा ठेका नीट कळतो, पण शुद्ध आणि कोमल ऋषभातला फरक अनेकांच्या हाती लागत नाही, मग राग ओळखणे दूरच. म्हणून जर्मनीत ग्योटिंगेनचे संशोधक विजेऐवजी प्रकाशाने श्रवणतंतू चेतवून पाहत आहेत. प्रकाश नेमक्या जागी रोखता येतो. त्यासाठी आधी चेतापेशी जनुकबदलाने प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या कराव्या लागतात, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते साधले आहे.