स्वयंपाकघरातला अहंकार



अहंकारी माणूस म्हटला की आपल्याला मिशांना पीळ देणारा कोणी आठवतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या आयुष्यात अहंकार चुलीपाशी बसला होता आणि त्याला सोवळे म्हणत.

त्यांचे वडील इतके कडक सोवळे पाळत की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे. अशा घरातल्या मुलीचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली. पुढे मुलाला घेऊन त्या टिळकांकडे आल्या खऱ्या, पण स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवून. टिळकांनी धर्माची सक्ती केली नाही. त्यांचा स्वभाव किती तापट होता हे ज्यांनी वाचले आहे, त्यांना या संयमाचे मोल कळेल.

'स्मृतिचित्रे'त लक्ष्मीबाई सांगतात की हा बदल कोणाच्या प्रवचनाने झाला नाही. त्या विचार करू लागल्या. जन्म, मरण, भूक सर्वांची सारखीच, मग जात देवाने कशी केली असेल? ती माणसांनीच केली, असे त्यांच्या मनाने घेतले, आणि कोणाच्याही हातचे खायचे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.

हा क्रम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या पुष्कळ घराण्यांत तो उलटा आहे. बाप्तिस्मा पणजोबांनी घेतला, जात अजून शिल्लक आहे. महाराष्ट्र सोडून तीन-तीन पिढ्या झाल्या, तरी सोयरीक जुळवताना हळूच विचारतोच आपण, "मूळचे कोण?" उत्तर मनासारखे नसले की मग पत्रिका न पाहणारे आपण मुलीच्या शिक्षणात, रंगात काहीतरी खोड काढतो. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशीसुद्धा मंदिरातच उभा होता, आणि आपण इतरांसारखे नाही याबद्दल देवाचेच आभार मानत होता. घरी नीतिमान ठरून गेला तो जकातदार.

लक्ष्मीबाईंच्या घरी पुढे परक्यांची कितीतरी मुले राहिली आणि वाढली. ती कोणत्या जातीची, हे स्वयंपाकघरात कोणी विचारीत नसे.