विमानाचे इंधन आणि मुंबईचा पावसाळा

अंधेरी-पार्ल्याच्या आम्हा रहिवाशांना डोक्यावरून जाणाऱ्या विमानांचे नवल उरलेले नाही. परंतु त्या विमानात इंधन कोण भरतो आणि कसे भरतो, याचा विचार आम्ही क्वचितच करतो. वस्तुतः आमच्या उपनगरांतील विमानवाहतुकीचा इतिहास हा बऱ्याच अंशी पाण्याशी चाललेल्या झगड्याचा इतिहास आहे.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले. वाटेत अहमदाबादेस त्यांच्या 'पस मॉथ' विमानासाठी पेट्रोलचे चार-चार गॅलनचे डबे बैलगाडीतून आले होते. जुहूचे मैदान म्हणजे समुद्रकाठची चिखलट जमीन. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई आणि टाटांच्या मंडळींना सारे बिऱ्हाड पुण्यास हलवावे लागे.

मैदान सोडता येई. पण इंधनात शिरणारे पाणी कोठेही पाठ सोडीत नसे. दमट हवेत अर्धवट भरलेल्या टाकीला आतून दव धरते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते. यासाठी त्या काळी पेट्रोल मऊ चामड्यातून गाळून घेत. चामडे पेट्रोल सोडी आणि पाणी अडवी.

पुढे सांताक्रूझचा विमानतळ वाढला. 1960 साली एअर-इंडियाची बोइंग 707 जेट विमाने आली. डब्यांची जागा टँकरने व जमिनीखालच्या नळांनी घेतली. आता पाण्याचे भय सरले, असे वाटावे; पण झाले उलटेच. जेटचे इंधन हा रॉकेलाचाच एक प्रकार. ते पेट्रोलपेक्षा जड व दाट असल्यामुळे त्यातील पाणी खाली बसण्यास अधिक वेळ लागतो. शिवाय दहा किलोमीटर उंचीवर बाहेरची हवा उणे 50 अंशांपर्यंत थंड असते; तेथे या पाण्याचे बर्फ होते. 17 जानेवारी 2008 रोजी बीजिंगहून लंडनला आलेल्या बोइंग 777 ची दोन्ही इंजिने उतरता उतरता मंदावली, ती इंधनातील बर्फामुळेच. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. ते इंधन नियमांत बसणारेच होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुसरा शत्रू ठिणगी. इंधन नळीतून व गाळणीतून वेगाने वाहताना विद्युतभार उत्पन्न होतो. म्हणून नळी जोडण्यापूर्वी गाडी आणि विमान तारेने एकमेकांस जोडतात. सारे ओलेचिंब असताना ठिणगी कसली, असे वाटेल. पण हा भार इंधनातच निर्माण होतो. म्हणून तार भर पावसातही हवीच. जवळपास वीज कडाडू लागली, की मात्र काम थांबवणे हाच शहाणपणा.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. अशा प्रलयात विमानतळच बंद ठेवावा लागतो. खरी कसोटी असते ती नेहमीच्या पावसाळी रात्री. विमाने चालू असतात, उतारू खोळंबलेले असतात आणि वरून घाई होत असते. अशा वेळी तळचे थोडे इंधन काचेच्या बरणीत काढून, ते उजेडात धरून, पाण्याचा थेंब तर नाही ना, हे शांतपणे पाहावे लागते. बैलगाडी गेली, चामड्याची गाळणीही गेली. ही नजर मात्र जाऊन चालणार नाही. विमान सुटण्यास दहा मिनिटे उशीर झाला म्हणून आम्ही कुरकुर करतो, तेव्हा त्या नजरेवरच दडपण आणीत असतो, याची जाणीव आम्ही ठेवली पाहिजे.