लॉगच्या कोष्टकामागील दोन बिंदू

विद्यार्थी मित्रहो, बारावीच्या विज्ञान शाखेत लॉगचे कोष्टक तुमच्या हाती असते. त्याच वयात व्यस्त फलनाच्या अवकलजाचा नियमही शिकावा लागतो. बहुतेक जण तो पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. परंतु या नियमाचे बीज लॉगच्या जन्मातच आहे, हे किती जणांना ठाऊक असते?

व्यस्त फलन म्हणजे उलट प्रश्न. ३ चा वर्ग किती, हा सरळ प्रश्न. कोणत्या संख्येचा वर्ग ९, हा उलट.

स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळ मर्चिस्टन येथे जॉन नेपियर (१५५० ते १६१७) हे जमीनदार राहत. त्या काळी खगोलशास्त्रज्ञांना प्रचंड संख्यांचे गुणाकार हातानेच करावे लागत. हे कष्ट वाचावेत म्हणून नेपियर सुमारे २० वर्षे खपले आणि १६१४ साली त्यांनी लॉगरिदमचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्यांची कल्पना पाहा. एक कोटी एकक लांबीच्या रेषेवर एक बिंदू टोकाकडे निघाला आहे. जितके अंतर उरले, तितकाच त्याचा वेग. दुसरा बिंदू अमर्याद रेषेवर एक कोटीच्या कायम वेगाने धावतो. दोघे एकाच क्षणी निघतात. पहिल्याचे उरलेले अंतर ही संख्या, आणि दुसऱ्याने कापलेले अंतर हा तिचा लॉगरिदम.

आता पहिल्याचे निम्मे अंतर उरले असे समजा. त्याचा वेग पन्नास लाख झाला, दुसऱ्याचा मात्र एक कोटीच राहिला. त्या क्षणी दुसऱ्याच्या एका पावलात पहिल्याचे अर्धे पाऊल पडते. प्रश्न उलटा करा : पहिल्याच्या एका पावलात दुसऱ्याची दोन पावले. पाव अंतर उरले असता एकीकडून पाव, तर दुसरीकडून चार. ऋण चिन्हाचा भाग सोडला, तर व्यस्त फलनाच्या अवकलजाचा नियम तो हाच. सरळ फलनाच्या अवकलजाने १ ला भागावे, की उलट फलनाचा अवकलज मिळतो.

पुढे हेन्री ब्रिग्ज यांनी १६१५ साली एडिंबरोस जाऊन नेपियर यांची भेट घेतली. त्यातून १० या पायाचे, आपल्या ओळखीचे लॉग रूढ झाले. १६८४ साली लाइब्निझ यांनी आपली कलनपद्धती प्रसिद्ध केली. त्यांच्या चिन्हांत हा नियम अपूर्णांक उलटा करण्याइतका सोपा दिसतो. नेपियर यांचे दोन बिंदू मात्र त्यापूर्वी ७० वर्षे धावू लागले होते!

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. एक, जागा बदलते. ३ पाशी वर्गाचा अवकलज ६. म्हणून वर्गमुळाचा अवकलज १/६, पण तो ९ पाशी, ३ पाशी नव्हे. पडताळा घ्या : ९.०६ चे वर्गमूळ जवळजवळ ३.०१ येते. दुसरी, सरळ अवकलज शून्य असेल तेथे हा नियम चालत नाही, कारण शून्याने भागता येत नाही.

पालकहो, मुलांनी हा नियम घोकलेला दिसला, तर त्यांना एवढेच विचारा, "एक पाऊल कोणाचे, आणि त्यात दुसऱ्याची किती?" उत्तर देता आले, तर नियम समजला. मग तो पाठ करण्याची गरज उरणार नाही.