गोब्रेक्ट डॉलर

गोब्रेक्ट डॉलर : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या फिलाडेल्फिया येथील टांकसाळीत १८३६–३९ या काळात पाडलेली चांदीची नाणी. ठसे कोरणारा कारागीर क्रिश्चन गोब्रेक्ट (१७८५–१८४४) याच्या नावाने ती ओळखली जातात. १८४० पासून नियमितपणे पाडल्या गेलेल्या ‘आसनस्थ स्वातंत्र्यदेवता’ डॉलरची ही आद्य रूपे होत. याच ठशांवरून सुमारे दोन दशकांनंतर पुन्हा नाणी पाडली गेल्यामुळे मूळ नाणे व पुनर्टंकित नाणे यांतील भेद ठरविण्याचा प्रश्न नाणकशास्त्रात दीर्घकाळ वादाचा विषय झाला.

पार्श्वभूमी : पूर्ण वजनाचे अमेरिकन डॉलर वेस्ट इंडीजमध्ये जाऊन तेथील स्पॅनिश डॉलरांशी बदलले जात आणि देशात चलनासाठी उरत नसत. त्यामुळे १८०४ नंतर डॉलरची पाडणी थांबली. १८३१ मध्ये हे निर्बंध उठले. १८३५ मध्ये टांकसाळीचा संचालक झालेल्या रॉबर्ट पॅटर्सनने नव्या नाण्याची आखणी हाती घेतली. त्याच वर्षी मुख्य उत्कीर्णक विल्यम नीस यास पक्षाघात झाल्याने हे काम गोब्रेक्टकडे आले. पुढील बाजूवरील खडकावर बसलेल्या स्वातंत्र्यदेवतेचे रेखाटन टॉमस सली या चित्रकाराने व मागील बाजूवरील उडत्या गरुडाचे रेखाटन टिशन पील याने केले.

मूळ नाणी : डिसेंबर १८३६ मध्ये ४१६ ग्रेन वजनाची १,००० नाणी चलनासाठी पाडण्यात आली. १८ जानेवारी १८३७ च्या कायद्याने शुद्ध चांदीचे प्रमाण तेच (३७१·२५ ग्रेन) ठेवून डॉलरचे एकूण वजन ४१२·५ ग्रेन करण्यात आले. या नव्या प्रमाणानुसार मार्च १८३७ मध्ये आणखी ६०० नाणी पाडली गेली. मात्र त्यांवर १८३६ हेच वर्ष राहिले. १८३६ च्या नाण्याच्या मागील बाजूस गरुडाभोवती २६ तारका असून पुढील बाजूवर एकही नाही; कड साधी आहे. १८३८ मध्ये तारका पुढील बाजूवर आल्या व त्यांची संख्या १३ झाली. मागील बाजू तारकाहीन झाली व कड दातेरी करण्यात आली. १८३८ ची नाणी अत्यल्प असून १८३९ मध्ये ३०० पाडली गेली.

ठशांची जुळणी : नाणे वरून खाली उलटले असता मागील बाजू सरळ दिसते ही एक रीत, बाजूकडून उलटले असता सरळ दिसते ही दुसरी. या प्रत्येक रीतीत मागील ठसा किंचित फिरवून बसविल्यास गरुड वर झेपावताना किंवा आडव्या रेषेत उडताना दिसतो. अशा रीतीने जुळणीचे चार प्रकार होतात. वर झेपावणाऱ्या गरुडाचे पहिले दोन प्रकार मूळ १८३६ च्या नाण्यांचे व आडव्या गरुडाचे उरलेले दोन पुनर्टंकित नाण्यांचे, असे विसाव्या शतकातील अभ्यासक मानीत. वजनाची कसोटी मात्र अपुरी होती. कारण मार्च १८३७ ची मूळ नाणी व नंतरची पुनर्टंकित नाणी या दोहोंसाठी ४१२·५ ग्रेन हेच प्रमाण होते.

पुनर्टंकन : १८५० नंतर अमेरिकेत नाणी जमविण्याचा छंद वाढला. जेम्स रॉस स्नोडेन (कार्यकाल १८५३–६१) संचालक असताना टांकसाळीत जुन्या ठशांवरून पुन्हा नाणी पाडण्यास सुरुवात झाली. या वेळी पूर्वी कधीही एकत्र न आलेले ठसे एकत्र आले, उदा., १८३८ व १८३९ च्या पुढील ठशांशी १८३६ चा तारकायुक्त मागील ठसा जोडला गेला. ‘सी. गोब्रेक्ट एफ.’ ही अक्षरे खडकाच्या तळाखाली मोकळ्या जागेत असलेली नाणी सर्वांत आधीची असून टीका झाल्यामुळे नाव तळपट्टीवर हलविले गेले, असे पुष्कळ काळ समजले जाई. ही ज्ञात नाणीही नंतरच्या पाडणीतील असल्याचे आता मानले जाते.

ठशांच्या झिजेचा पुरावा : ठशाला एकदा गेलेला तडा भरून येत नाही, तो वाढतच जातो. म्हणून ज्या नाण्यावर तडा अधिक पुढे गेलेला दिसतो, ते नंतर पाडलेले असले पाहिजे. या तत्त्वावर जॉन डॅनरॉयथर, क्रेग शोली व सॉल टाइकमन यांनी एकविसाव्या शतकात नाण्यांचा क्रम नव्याने लावला. चौथ्या जुळणीची १८३६ ची काही नाणीही मूळच असल्याचे त्यातून दिसून आले. ठशांची जुळणी यंत्रावर काम चालू असतानाही बदलू शकते; त्यामुळे केवळ तिच्यावरून पाडणीचा काळ ठरविता येत नाही.

महत्त्व : चाचणीदाखल पाडलेल्या नमुन्यांच्या सूचीत दीर्घकाळ गणले गेलेले हे डॉलर, १८३६ व १८३७ मधील पाडणी चलनासाठी होती हे लक्षात घेऊन, आता बव्हंशी नियमित नाणी मानली जातात. गोब्रेक्टच्या गरुडाचा पुढे १८५६–५८ च्या सेंटवर उपयोग करण्यात आला. नाण्यावर कोरलेले वर्ष हे ठशाचे असते, पाडणीचे असतेच असे नाही. टांकसाळीनेच अधिकृत ठशांवरून पाडलेल्या या नाण्यांच्या बाबतीत अस्सल व बनावट एवढा भेद करून भागत नाही. प्रत्येक नाण्याचा काळ धातूवर उमटलेल्या ठशाच्या अवस्थेवरूनच निश्चित करावा लागतो.