नखांवरचा रंग : तेरड्यापासून मीना बाजारापर्यंत

गणेशोत्सवाच्या आरतीला किंवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या मुली जमल्या की एक गोष्ट हमखास नजरेत भरते. प्रत्येकीच्या नखांवर काहीतरी रेखाटलेले असते. कोणाच्या बोटांवर पांढऱ्या ठिपक्यांची फुले, कोणाच्या तिरक्या रेघा, तर एखादीच्या अंगठ्यावर चक्क मोदक! बहुतेक वेळा हे काम पार्लरमधले नसते. जेवणाच्या टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरून, टूथपिक, केसांच्या पिनेचे गोल टोक आणि चिकटपट्टीचे बारीक तुकडे एवढ्या सामग्रीवर ते घरीच झालेले असते. "हे कसले नवीन खूळ?" असे आपण मोठी माणसे म्हणून मोकळी होतो. पण हे खूळ खरेच नवीन आहे का?

चौसष्ट कला आणि एक पुणेकर संशोधक

वात्स्यायनाच्या कामसूत्रात ६४ कलांची यादी आहे. तीत 'दशनवसनांगराग' ही एक कला सांगितली आहे. म्हणजे दात, वस्त्रे आणि अंग रंगवण्याची कला. तांदूळ व फुले मांडून रचना करण्याची कलाही त्याच यादीत आहे. अंग रंगवणे आणि अंगण सजवणे या दोन्ही गोष्टी आपल्या पूर्वजांनी शेजारी शेजारी ठेवल्या होत्या.

मेंदीचा पद्धतशीर इतिहास लिहिला तो आपल्याच एका मराठी माणसाने. परशुराम कृष्ण गोडे हे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अनेक वर्षे क्युरेटर होते. राजेरजवाड्यांच्या लढायांपेक्षा त्यांना रोजच्या वस्तूंचे कुतूहल. शोभेचे दारूकाम, विडा, नथ अशा विषयांवर त्यांनी जुन्या पोथ्या चाळून निबंध लिहिले. मेंदीवरील त्यांच्या निबंधाचा आवाका इ. स. पूर्व २००० ते इ. स. १८५० एवढा आहे! नथीबद्दल त्यांचे म्हणणे असे, की इ. स. १००० च्या आधीच्या भारतीय साहित्यात तिचा उल्लेख सापडत नाही. ज्या नथीशिवाय आपल्याला मराठी नववधू डोळ्यांसमोर आणता येत नाही, तीही कधीतरी कोणाला नवीन खूळ वाटली असेल.

तेरड्याचा रंग

मेंदी झाली सर्वांच्या ओळखीची. तिचा एक गरीब भाऊ म्हणजे तेरडा. भाद्रपदात कोकणातल्या अनेक घरांत तेरड्याची रोपे आणून त्यांचीच गौर मांडतात. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण आपण कोणाच्याही टिकाऊ नसलेल्या उत्साहाला लावतो. पण चीन आणि कोरियात याच तेरड्याच्या पाकळ्या तुरटीबरोबर कुटून नखांवर बांधतात आणि तो रंग काही आठवडे, कधी महिने टिकतो. पहिला बर्फ पडेपर्यंत नखावर रंग राहिला तर मनातला जोडीदार मिळतो, असा कोरियात समज आहे. हिंदीत तर तेरड्याला 'गुलमेहंदी' असेच नाव आहे.

याचे कारण रसायनशास्त्रात आहे. मेंदीच्या पानात 'लॉसोन' नावाचे रंगद्रव्य असते आणि तेच तेरड्यातही सापडते. कातडी, केस आणि नखे ज्या केरॅटिन या प्रथिनाची बनतात, त्याला लॉसोन घट्ट धरून बसते. तळहाताची कातडी झडत राहते, म्हणून तिथली मेंदी दोन-तीन आठवड्यांत फिकी होते. नखाचे तसे नाही. ते महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, त्यामुळे रंगलेला भाग पुढे सरकत जाऊन कापला जाईपर्यंत काही महिने जातात. लग्नात रंगलेली नखे नव्या सुनेला पुढच्या सणापर्यंत साथ देतात ती यामुळे.

आपल्या आज्या-पणज्यांची मेंदी आजच्यासारखी कोपरापर्यंत नक्षीची नव्हती. नागपंचमीच्या आदल्या दिवशी पाला पाट्यावर वाटायचा, तळहातावर मध्ये एक मोठा गोल, भोवती ठिपके आणि बोटांच्या टोकांना नखांसकट टोप्या. झाले! कोन आणि 'मेहंदी'चा वेगळा कार्यक्रम हे आपल्या लग्नात फार उशिरा आले. नखे रंगवणे मात्र त्या साध्या मेंदीतही होतेच.

खाडीच्या या काठावर

बर दुबईत मीना बाजाराच्या गल्ल्यांतून ईदच्या किंवा दिवाळीच्या आधी फिरून पाहा. मेंदीच्या दुकानांत अमिराती, सुदानी, राजस्थानी, केरळी अशा सगळ्या बायका एकाच बाकावर हात पुढे करून बसलेल्या दिसतात. इथल्या अरबी पद्धतीत मोकळी जागा जास्त आणि रेघ ठसठशीत. बोटांची टोके नखांसकट गडद रंगवण्याची रीतही इथे जुनी आहे. आपल्या 'टोप्यां'ची ही सख्खी बहीणच. नमाजाआधीच्या वजूमध्ये पाणी नखाला लागावे लागते. नेलपॉलिशचा थर पाणी अडवतो, मेंदीचा रंग अडवत नाही. त्यामुळे बाटलीचा जमाना आला तरी इथे नखांवरची मेंदी मागे पडली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने मेंदीच्या परंपरेची अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. तो प्रस्ताव संयुक्त अरब अमिरातीसह अनेक अरब देशांनी मिळून मांडला होता.

बाटलीतला रंग

आजचे नेलपॉलिश पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातले. मोटारींच्या चकचकीत रंगात जे नायट्रोसेल्युलोज वापरत, तेच त्याच्या मुळाशी आहे. १९३२ मध्ये अमेरिकेत रेव्हलॉन कंपनी निघाली ती नेलपॉलिश विकण्यासाठीच. आपल्याकडे १९५२ मध्ये टाटा ऑइल मिल्सने 'लॅक्मे' सुरू केली. नाव फ्रेंच, एका ऑपेराचे. पण त्याचा अर्थ आपली लक्ष्मी!

मग या बाटलीने वेगळे काय केले? माझ्या मते, तिने कोणाला 'तुझे लग्न झाले आहे का?' असे विचारले नाही. आपल्याकडे हळद, कुंकू, बांगड्या हे सारे सौभाग्याचे लेणे. नवरा गेला की बाईचा हात मोकळा व्हायचा. विधवांच्या केशवपनाविरुद्ध १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांनी संप केला. त्यानंतर १३२ वर्षांनी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेला कुंकू पुसणे आणि बांगड्या फोडणे थांबवण्याचा ठराव करावा लागला. यावरून ही रूढी किती चिवट आहे ते कळते. हेरवाडच्या ठरावाची दखल घेऊन राज्य सरकारनेही त्याच महिन्यात परिपत्रक काढले.

अशा वेळी इकडे भेटीला आलेल्या, एकट्या राहिलेल्या आजीचा हात नात ओढून घेते आणि फिकट गुलाबी रंगावर पाच ठिपके देऊन फूल काढते. आजी "नको गं, आता मला काय शोभतं का?" म्हणते, पण हात मागे घेत नाही. कुंकवाला अडणारी रूढी इथे अडत नाही, कारण नखांवरच्या फुलासाठी कोणी नियमच केलेला नाही. रांगोळीचे ठिपके तेच, बोटे तीच. फक्त अंगण नखाएवढे झाले.

दोन सूचना

घरी नक्षी काढताना घाई करू नये. पहिला थर पातळ द्यावा, पूर्ण वाळू द्यावा. मग ठिपके द्यावेत. ठिपका ओला असतानाच टूथपिकने मध्याकडे ओढला की पाकळी होते. शेवटी पारदर्शक थर. रिमूव्हरमधले ॲसिटोन चटकन पेट घेते, म्हणून बाटली देवघरातल्या समईपासून आणि दिवाळीच्या पणत्यांपासून लांब ठेवावी.

आणि 'काळी मेंदी' मात्र मुलांच्या हाताला लावू नये. खरी मेंदी केशरी ते गडद तपकिरी रंगते, लावताक्षणी काळी होत नाही. तो काळेपणा बहुधा पीपीडी या केसांच्या कलपातल्या रसायनाचा असतो. त्याने कातडीवर फोड येतात आणि पुढे कलपाची जन्मभराची ॲलर्जीही जडू शकते.

एवढे सांभाळले की टेबलावर वर्तमानपत्र पसरायला हरकत नाही. यंदाच्या गौरीला तेरडा मिळाला नाही, तरी घरातल्या सगळ्यांच्या, अगदी सगळ्यांच्या, नखांवर रंग चढो, ही शुभेच्छा!