बिछान्याची निवड : सुरक्षित, विषमुक्त आणि टिकाऊ गादी कशी ओळखावी

मनुष्याच्या आयुष्याचा जवळपास एक तृतीयांश भाग निद्रेत जातो. या काळात श्वास आणि त्वचा या दोहोंचा गादी, उशी व पांघरूण यांच्याशी सर्वाधिक निकटचा संपर्क असतो. असे असले तरी गादी खरेदी करताना किंमत, जाडी आणि मऊपणा यांचाच विचार प्रामुख्याने केला जातो. गादीच्या आत काय आहे, ती कशाने चिकटवली आहे आणि ती निकामी झाल्यावर तिचे काय होणार, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात.

गाद्यांच्या व्यवसायात बेंगळुरू शहराचे स्थान महत्त्वाचे आहे. रबरयुक्त काथ्याच्या गाद्या देशभर पोहोचविणाऱ्या कर्लऑन या कंपनीची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि तिचा कारभार दीर्घकाळ याच शहरातून चालला. २०२३ मध्ये शीला फोम या कंपनीने तिचे अधिग्रहण केले. इंटरनेटवरून फोमच्या गाद्या विकणारी वेकफिट ही कंपनीही २०१६ मध्ये बेंगळुरूतच सुरू झाली. काथ्या मंडळाची केंद्रीय काथ्या तंत्रज्ञान संस्था शहरातील पीण्या औद्योगिक वसाहतीत आहे. काथ्या आणि फोम या दोन्ही परंपरा एकाच शहरात नांदत असल्याने येथील ग्राहकापुढे पर्याय भरपूर आहेत आणि संभ्रमही तितकाच आहे.

मुलांच्या श्वसनाचा प्रश्न

या निवडीला बेंगळुरूत आरोग्याची विशेष पार्श्वभूमी आहे. बालरोगतज्ज्ञ डॉ. एच. परमेश यांनी रुग्णालयात आलेल्या १८ वर्षांखालील सुमारे २०,००० मुलांची पाहणी केली होती. तीनुसार दम्याचे प्रमाण १९७९ मध्ये ९ टक्के होते, ते १९९९ मध्ये २९.५ टक्क्यांवर पोहोचले. वाहनांची वाढती संख्या, शहरीकरण आणि हवेचे प्रदूषण यांच्याशी या वाढीचा संबंध जोडण्यात आला. बाहेरची हवा एका कुटुंबाच्या हाती नसते. शयनगृहातील धूळ आणि ओल मात्र बऱ्याच अंशी असते.

डस्ट माइट नावाचे अतिसूक्ष्म जीव गादी व उशीत वाढतात आणि त्यांच्या विष्ठेतील प्रथिने दम्याला चालना देऊ शकतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांहून अधिक असल्यास त्यांची वाढ सुलभ होते. पावसाळ्यातील दमट दिवस आणि सूर्यप्रकाश न पोहोचणाऱ्या सदनिका त्यांना पोषक ठरतात. त्यामुळे गादी नैसर्गिक असो वा कृत्रिम, ती कोरडी ठेवता येते का, हा सुरक्षिततेचा पहिला निकष होय.

गादीच्या अंतरंगात काय असते

काथ्या : नारळाच्या सोडणापासून मिळणाऱ्या या तंतूत लिग्निनचे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक असते. त्यामुळे तो सहजासहजी कुजत नाही आणि हवाही खेळती राहते. पिळदार केलेल्या तंतूंवर रबराचा चीक फवारून, दाबून व उष्णता देऊन त्याचे थर तयार केले जातात. चीक नैसर्गिक आहे की कृत्रिम, आणि काथ्याच्या वरखाली फोमचे थर आहेत का, याची विचारणा करावी. अनेक ‘काथ्याच्या’ गाद्यांत फोमचाही समावेश असतो.

लॅटेक्स : रबराच्या झाडाच्या चिकापासून बनणारा हा स्पंज लवचीक आणि दीर्घकाळ टिकणारा असतो. बाजारात शंभर टक्के नैसर्गिक, मिश्र आणि पूर्णतः कृत्रिम असे तिन्ही प्रकार ‘लॅटेक्स’ याच नावाने मिळतात. घरात कोणाला रबराची ॲलर्जी असल्यास वैद्यकीय सल्ला घेणे इष्ट ठरते.

कापूस आणि सावर : कापसाच्या गादीचा मोठा गुण म्हणजे ती उसवता येते. दबलेला कापूस पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून, नव्या खोळीत भरून तीच गादी आणखी काही वर्षे वापरता येते. स्वस्त गाद्यांत गिरणीतील टाकाऊ कापूस किंवा जुन्या कपड्यांचे तंतू भरलेले असू शकतात. म्हणून कापूस शक्यतो आपल्यासमोर भरून घ्यावा. सावरीचा कापूस हलका व पाणी न शोषणारा असल्याने उशांसाठी उपयुक्त आहे.

फोम : पॉलियुरेथेन फोम हा खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांपासून बनतो. पूर्ण घट्ट झालेला फोम बहुतांशी स्थिर असतो. मात्र नव्या गादीतून काही दिवस बाष्पशील रसायने बाहेर पडतात व उग्र वास येतो. अशी गादी वेष्टनातून काढून हवेशीर खोलीत काही दिवस उघडी ठेवावी आणि वास गेल्यावरच वापरावी. फोमच्या तुकड्यांना चिकटवून बनविलेला ‘रिबॉन्डेड’ फोमही सर्रास वापरला जातो. त्यातील तुकडे कोठून आले, हे विक्रेत्याला विचारणे आवश्यक आहे.

रसायने आणि कायदा

फोम व कापड सहज पेटू नये यासाठी पूर्वी अनेक देशांत ब्रोमीनयुक्त रसायने वापरली जात. ती वर्षानुवर्षे विघटित होत नाहीत आणि प्राण्यांच्या व माणसांच्या शरीरात साचतात. भारताने ५ मार्च २०१८ च्या नियमांद्वारे अशा सात चिवट प्रदूषकांवर बंदी घातली. त्यांत आग रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक ब्रोमीनयुक्त रसायनांचा समावेश आहे. कर्करोगाशी संबंध असलेल्या ॲझो रंगांवरही देशात १९९० च्या दशकापासून बंदी आहे. ‘सुरकुत्या न पडणाऱ्या’ चादरींवरील प्रक्रियेत फॉर्मल्डिहाइड वापरले जाऊ शकते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला मानवी कर्करोगास कारणीभूत पदार्थांच्या गटात स्थान दिले. नवी चादर वापरण्यापूर्वी एकदा धुतल्यास त्याचे प्रमाण कमी होते. धुण्यास सोपी, साधी सुती किंवा सोलापुरी चादर या दृष्टीने सोयीची ठरते.

केवळ ‘नैसर्गिक’ किंवा ‘पर्यावरणस्नेही’ हे शब्द पुरेसे नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार असे दावे करणाऱ्याकडे त्यांचा पडताळण्याजोगा पुरावा असला पाहिजे. प्रमाणपत्रांचे अर्थही वेगवेगळे आहेत. ‘गॉट्स’ चिन्हासाठी कापडात किमान ७० टक्के सेंद्रिय तंतू लागतात. ‘ओइको-टेक्स स्टँडर्ड १००’ हे चिन्ह हानिकारक रसायनांच्या चाचणीविषयी आहे. कापूस सेंद्रिय असल्याची ते हमी देत नाही. प्रमाणपत्र संपूर्ण गादीचे आहे की फक्त खोळीचे, हे तपासावे. ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द रसायनांपासून सुरक्षिततेचा पुरावा नव्हे.

तान्ह्या बाळांसाठी दक्षता

एक वर्षाखालील बाळासाठी मऊ गादी ही मोठी जोखीम असते, कारण तोंड रुतून श्वास कोंडण्याची भीती असते. बाळाला सपाट व घट्ट पृष्ठभागावर उताणे झोपवावे. अंथरुणात उशी, लोड किंवा जाड पांघरूण ठेवू नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. राईची उशीही याला अपवाद नाही.

गरम कपड्यांत व रजयांत डांबराच्या गोळ्या ठेवण्याची पद्धत घराघरांत आढळते. त्यातील नॅप्थलीनमुळे, जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. बाळासाठी वापरायची पांघरुणे या गोळ्यांसोबत ठेवू नयेत.

देखभाल आणि विल्हेवाट

चादरी व अभ्रे आठवड्यातून एकदा, शक्य असल्यास ६० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात धुतल्यास डस्ट माइट मरतात. कापसाच्या गाद्यांना नियमित ऊन द्यावे. फोम व लॅटेक्स मात्र कडक उन्हात खराब होतात. त्यांना सावलीत हवा द्यावी. गादीखाली फटी असलेल्या फळ्यांचा पलंग असल्यास ओल साचत नाही.

निकामी गादी ओल्या कचऱ्याच्या डब्यात बसत नाही आणि सुक्या कचऱ्याच्या पिशवीतही मावत नाही. अनेक थर गोंदाने जोडलेले असल्याने ती वेगळी करणे कठीण असते. म्हणून गादी घेतानाच तिची खोळ निघते का, थर सुटे होतात का आणि दुरुस्ती शक्य आहे का, हे पाहावे. उघडता, वाळवता आणि पुन्हा भरता येणारी गादी आरोग्याला हितकर ठरते आणि कचराही कमी करते.

दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबाबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. त्यासाठी देयक आणि गादीवरील माहितीपट्टी जपून ठेवावी.