स्लो-पिच सॉफ्टबॉल
शिकागोत १८८७ मध्ये जन्मलेल्या सॉफ्टबॉलचा संथ, हौशी प्रकार. नाशिकचे नोकरदार रविवारी टेनिस चेंडूने क्रिकेट खेळतात, तशीच अमेरिकेत याची चलती. महाराष्ट्रातल्या शालेय स्पर्धांमधला सॉफ्टबॉल मात्र वेगवान फेकीचा.

मैदानात ९ ऐवजी १० क्षेत्ररक्षक, डाव ७. चेंडू खांद्याखालून, कमान करूनच टाकायचा. अमेरिकेत कमानीची उंची सहसा जमिनीपासून ६ ते १० फूट. सपाट फेक अवैध, पण फलंदाजाने तीवर बॅट फिरवली की तक्रारीला जागा नाही. बंट (बॅट न फिरवता चेंडू नुसता टेकवणे) मारणारा बाद. मिश्र संघांत सहसा स्त्री-पुरुष आलटूनपालटून फलंदाजीस येतात. दोन स्ट्राइकनंतर (वाया गेलेल्या संधींनंतर) फटका फाउल, म्हणजे वैध रेषांबाहेर, गेला, तर अनेक लीगमध्ये फलंदाज बाद. नियम कठोर खरा, पण मैदानावरचे दिवे मालवण्याआधी सामना त्यामुळेच उरकतो.